व्हर्लिनने भर सभेत विचारलं

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, व्हर्लिन टोलेफसन, हा मूर्ख माणूस आहे. हे मी त्याच्या तोंडावर सांगितलंय, बहिणीसमोर सांगितलंय, आता तुम्हालाही सांगते. मूर्ख म्हणजे अडाणी नव्हे. ट्रॅक्टरचं इंजिन तो डोळे मिटून खोलेल आणि परत बसवेल. पण विचारलं तर खरं सांगणारी माणसं आमच्या लुंडबी गावात पुष्कळ आहेत. न विचारता खरं सांगणारा हा एकटाच.

एका हिवाळ्यात बर्फावर गाडी घसरून त्याने कुणाच्या तरी टपालपेटीचा खांब मोडला. चिटपाखरूही बघायला नव्हतं. दुसरा कुणी असता तर गाडी मागे घेऊन घरी जेवायला गेला असता. हा दार वाजवून सांगून आला, आणि वसंतात जमीन मऊ झाल्यावर नवा खांब घेऊन रोवायला गेला. तोवर ती माणसं घर विकून निघून गेली होती. नव्या मालकाला कळेना की हा म्हातारा आपल्या दारात खड्डा का खणतोय.

मी लव्हॉन. माजी सैनिकांच्या क्लबात बार सांभाळते. नवरा गेल्यापासून तेच माझं घर झालंय म्हणा ना. शुक्रवारी मांसाची सोडत असते, तिकिटं घ्या आणि नशीब असेल तर डुकराच्या मांसाचं पुडकं घरी न्या. रविवारी कधीमधी पॅनकेकची न्याहारी. बाकी दिवस तीच ती म्हातारी माणसं, तेच ते स्टूल, आणि हवामानावर तीच ती बडबड. पण गावात एखादा जुना सैनिक वारला की हीच माणसं इस्त्रीचे कपडे घालून ताठ उभी राहतात आणि कबरीपाशी बंदुकांच्या तीन फैरी झाडतात. काडतुसं नुसती आवाजाची, आत शिसं नसतं. रायफली मात्र खऱ्या, लष्कराने क्लबाला वापरायला दिलेल्या.

या पथकाचा म्होरक्या व्हर्लिन. माझे केस काळे होते तेव्हापासून. बाहेर पारा शून्याखाली कितीही घसरो, वारा तोंड सोलून काढो, याचा हुकूम सुटला की सात रायफली एकदम वाजायच्या, एकच आवाज. शेजारच्या हॅडली गावच्या पथकाचं तसं नाही. त्यांचं म्हणजे कढईत लाह्या फुटाव्यात तसं, एक इकडे, एक तिकडे, आणि सगळं संपल्यावर एखादी राहिलेली. व्हर्लिन ते ऐकायचा आणि मान खाली घालायचा. म्हणायचा, "त्या माणसाला आपण शेवटचं काय देतो? एक आवाज. तो तरी नीट द्यावा."

व्हिएतनामहून तो डाव्या मांडीत लोखंडाचे तुकडे घेऊन आला. ते तिथेच आहेत. तरुणपणी निभावलं. म्हातारपणी त्या तुकड्यांनी असा काही सूड उगवला की मार्डेल, म्हणजे माझी बहीण, रात्र रात्र बाहेरच्या खोलीत झोपायची, कारण पलंगावर हा मासा तडफडावा तसा तडफडायचा. डॉक्टरांनी अफूच्या जातीतल्या गोळ्या दिल्या. दुखणं थांबलं, त्याबरोबर व्हर्लिनही थांबला. खुर्चीत बसायचा आणि तोंड उघडं टाकून टीव्हीकडे बघायचा. टीव्ही बंद असायचा. मार्डेल म्हणायची, "लव्हॉन, नवरा जिवंत असून मी विधवा झालेय गं."

मग आमच्या राज्यात औषधासाठी गांजा चालू झाला. डॉक्टरांनी लिहून दिलं, राज्याने कार्ड दिलं. व्हर्लिनने त्या कार्डाकडे दोन आठवडे नुसतं बघितलं. त्याच्या तरुणपणी गांजा ओढणारे म्हणजे लांब केसांचे, वाया गेलेले. पण ही होती जेली, साखरेत घोळलेली, लहान मुलांच्या खाऊसारखी दिसणारी. रात्री जेवणानंतर एक. आठवड्याभरात अफूच्या गोळ्या सुटल्या. महिन्याने तो परत वर्कशॉपात दिसायला लागला, परत माझ्या बारमधल्या कॉफीला नावं ठेवायला लागला. मार्डेल पलंगावर परतली. पुढे राज्याने सगळ्यांनाच मोकळीक दिली, कार्डबिर्ड काही नको. आता पेट्रोल पंपाच्या पलीकडे दुकान आहे, आणि रविवारी चर्च सुटल्यावर त्याच्यासमोर कुणाच्या गाड्या उभ्या असतात ते मी नावानिशी सांगू शकते. सांगत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि ही मूठ व्हर्लिनने भर सभेत उघडली.

निवडणुकीचे दिवस होते. क्लबात पॅनकेकची न्याहारी, आणि दोन्ही उमेदवार हजर. आमच्या आमदारीणबाई, ज्यांनी गांजा मोकळा करायला मत दिलं होतं आणि बंदुकांवर जास्त बंधनं हवीत म्हणून भाषणं केली होती. आणि त्यांच्या विरोधातला तो तरुण, ज्याच्या गाडीच्या काचेवर बंदुकीचं चित्र आणि तोंडात स्वातंत्र्य. ज्यांना गांजा चालतो त्यांना बंदूक चालत नाही, ज्याला बंदूक चालते त्याला गांजा चालत नाही. दोन्हीची गरज असलेला आमच्या व्हर्लिनसारखा माणूस कुणाच्याच पंगतीत बसत नाही. पण हे मला नंतर सुचलं. तेव्हा मी सॉसेज उलटत होते.

"कुणाला काही प्रश्न?" क्लबचा अध्यक्ष लायल ब्रँटने विचारलं. लायल भला माणूस, पण भित्रा. प्रश्न विचारा असं म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर असतं, कृपा करून विचारू नका.

व्हर्लिन उठला. टोपी काढली.

"मी रात्री गांजाची जेली घेतो," तो म्हणाला. "पायासाठी. राज्याची परवानगी आहे. पण मी असं ऐकलं की देशाच्या कायद्याने गांजा घेणाऱ्याने बंदूक हातात धरणं हा गुन्हा आहे. मी इथल्या अंत्यविधींना रायफल धरतो. तर मी धरू शकतो की नाही?"

सगळी खोली कॉफीच्या कपात बघायला लागली. त्या पथकातले निदान तिघं तीच जेली घेतात. एकाला तर मीच नेऊन देते.

आमदारीणबाई म्हणाल्या, "फार महत्त्वाचा मुद्दा मांडलात तुम्ही. याची मी दखल घेते."

"दखल घ्या," व्हर्लिन म्हणाला. "पण धरू शकतो का?"

"हा प्रश्न राज्याच्या हातातला नाही हो. वॉशिंग्टनचा आहे."

तो तरुण लगेच उठला. "मी तुम्हाला शब्द देतो, तुमच्या बंदुकीला कुणालाही हात लावू देणार नाही."

"आणि जेली?"

"ते... ते वेगळं आहे," असं म्हणून त्याने पाकाची बाटली जवळ ओढली.

भिंतीपाशी शेरीफ कोरी निगार्ड उभा होता. धिप्पाड माणूस, पन्नाशीतला, सगळ्यांशी गोड. लायलने त्याच्याकडे आशेने बघितलं. कोरीने घसा साफ केला.

"असं आहे व्हर्लिन, राज्याकडून तुला काही अडचण नाही. देशाच्या कायद्यात मात्र गांजा अजून बंदच आहे. आणि त्या कायद्याने, गांजा घेणाऱ्याने बंदूक बाळगायची नाही. वर कोर्टात वाद चाललेत. एक कोर्ट असं म्हणतं, दुसरं तसं."

"आवाजाच्या काडतुसांची असली तरी?"

"बंदूक ती बंदूक." मग त्याने हात पसरले, हसला. "पण विचारतंय कोण?"

"मी विचारतोय," व्हर्लिन म्हणाला.

दुपारी क्लब रिकामा झाल्यावर लायल बारपाशी आला आणि डोकं धरून बसला. व्हर्लिन खुर्च्या उचलून ठेवत होता.

"विचारलंस कशाला?" लायल म्हणाला. "का म्हणून विचारलंस? ओर्लिन सकाळी दहाला ब्रँडी घेतो आणि अकराला रायफल धरतो. तो कधी विचारतो का?"

"ब्रँडी चालते ना पण," कोपऱ्यातून ओर्लिन म्हणाला. तो अजून गेला नव्हता. तो कधीच गेलेला नसतो.

"त्या रायफली लष्कराच्या आहेत," लायल म्हणाला. "माझ्या सहीवर आल्यात. काल मला माहीत नव्हतं, म्हणजे माहीत होतं, पण मला कुणी सांगितलं नव्हतं. आता तू शेरीफसमोर सांगितलंस, दोन उमेदवारांसमोर सांगितलंस. ऐकलेलं मी विसरू कसं? उद्या त्यांनी रायफलीच परत मागितल्या तर? आख्ख्या गावाचे अंत्यविधी मुके होतील."

व्हर्लिनने खिशातून रायफलींच्या कपाटाची किल्ली काढली आणि बारवर ठेवली. "बरोबर आहे तुझं," तो म्हणाला.

मला इतका संताप आला म्हणून सांगू. तो भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याच संध्याकाळी तो त्याची हरणाची रायफल आणि बापाची जुनी बंदूक घेऊन माझ्या दारात हजर. "घरात ठेवणं बरोबर नाही. तुझ्याकडे ठेव." मी घेतल्या आणि माळ्यावर टाकल्या. मी स्वतः झोपेसाठी तीच जेली घेते, त्याच दुकानातली. पण त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आमच्याकडे जगणं असं चालतं. त्याला एवढं साधं कळू नये?

हे सगळं मी थट्टेवारी नेलंही असतं, पण तेव्हाच गेलन स्ट्रोबेलला डॉक्टरांनी घरी पाठवलं. म्हणजे आता दवाखान्यात काही करण्यासारखं उरलं नाही, असं सांगून.

गेलन आणि व्हर्लिन एकाच दिवशी, एकाच बसमधून सैन्यात गेले होते. परत आल्यावर गेलनने बापाची बीटाची शेती केली आणि व्हर्लिनने त्याची यंत्रं दुरुस्त केली. गेलनला प्रत्येक गोष्टीची चेष्टा करायची सवय, आणि व्हर्लिनला ती चेष्टा दुसऱ्या दिवशी कळायची. अशी त्यांची दोस्ती.

मी बटाटे आणि खिमा घालून भाजलेलं हॉटडिश करून नेलं, व्हर्लिन गाडी चालवत होता. गेलनची खाट बैठकीच्या खोलीत, खिडकीपाशी लावली होती. त्याची बायको आयोन आम्हाला कॉफी घ्या म्हणाली, आम्ही नको म्हटलं, ती परत म्हणाली, आम्ही परत नको म्हटलं, तिसऱ्यांदा घेतली. गेलन उशांवरून म्हणाला, "लवकर उरका रे तुमचं नको-नको, मला वेळ कमी आहे."

आयोन उठून स्वयंपाकघरात गेली.

"ऐकलं मी," गेलन व्हर्लिनला म्हणाला. "गांजेकस झालास म्हणे म्हातारपणी. कॉलेजात जायच्या वयात सांगितलं असतंस तर आपण दोघं मिळून ओढला असता."

"मी कॉलेजात गेलो नाही."

"माहितीय रे." गेलन हसला, मग खोकला. परत बोलला तेव्हा चेष्टा नव्हती. "माझ्या वेळेला रांगेत तू असशील ना?"

व्हर्लिनने कॉफीचा कप खाली ठेवला.

"नसशील तर बंदुका आणूच नका. लायलच्या ताब्यात गेलं की माझ्यावर लाह्या फोडतील. आयुष्यभर तुझी फैर ऐकली मी, दुसऱ्यांच्या कबरीवर. एकदा माझ्यासाठी ऐकायची आहे. म्हणजे, ऐकू येणार नाही, पण तू समजलास."

दुसरा कुणीही 'हो' म्हणाला असता. मरणाऱ्या माणसाला 'हो' म्हणायला काय जातं? नंतरचं नंतर बघता येतं. मी व्हर्लिनच्या पायाला टेबलाखालून लाथ मारली, दुखऱ्या पायाला, मुद्दाम.

"बघतो," व्हर्लिन म्हणाला.

आमच्या भागात 'बघतो' म्हणजे 'नाही'. गेलनला ते माझ्याइतकंच कळत होतं. त्याने खिडकीकडे तोंड केलं आणि म्हणाला, "बर्फ लवकर पडणार यंदा." गाडीत मी व्हर्लिनला जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. तो एवढंच म्हणाला, "पाळता येणार नाही असा शब्द मी त्याला आज देऊ? आज?"

पण त्याने प्रयत्न केला, हे मला कबूल करायला हवं. त्याने जेली सोडली. सोडली की मी गांजा घेणारा राहणार नाही, मग रायफल धरता येईल, असा त्याचा सरळ हिशेब. फक्त किती दिवस सोडली म्हणजे सोडली, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. शेरीफला विचारलं, शेरीफ म्हणाला जिल्ह्याच्या वकिलाला विचार. वकील म्हणाला हा देशाच्या खात्याचा प्रश्न. देशाच्या खात्यात फोन लावला तर अर्धा तास संगीत ऐकवून एक बाई म्हणाली की आम्ही असा सल्ला देत नाही, तुमच्या वकिलाला विचारा. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. आमदारीणबाईंच्या ऑफिसातून मात्र छान गुळगुळीत छापील पत्र आलं, आपल्या सेवेबद्दल आभार म्हणून. त्यावर व्हर्लिनने उत्तर लिहिलं की आभाराबद्दल आभार, पण किती दिवस?

आणि पाय काही गप्प बसला नाही. मार्डेल परत बाहेरच्या खोलीत. अफूच्या गोळ्यांना तो हात लावेना. खुर्चीतल्या त्या उघड्या तोंडाच्या माणसाची त्यालाही भीती वाटत होती. तरी रोज सकाळी गॅरेजात सराव. रायफल धरायची नाही म्हणून बर्फ ओढायचं फावडं घेऊन. खांद्याला फावडं, हुकूम स्वतःचाच, वळण, नेम, खाली. एकदा मी अंडी द्यायला गेले तर गॅरेजच्या जमिनीवर फावड्याशेजारी आडवा.

"पाय निघून गेला खालून," तो म्हणाला. "तिसऱ्या फैरीला."

"ऊठ," मी म्हटलं.

"उठतो. थोडा वेळ दे."

मी त्याच्याशेजारी थंडगार जमिनीवर बसले. जेली घेतली तर उभा राहील, पण रायफल धरता येणार नाही. सोडली तर रायफल धरता येईल, पण उभा राहणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर. असला कायदा ज्याने केला त्याला कधी स्वतःच्या पायावर उभं राहायची वेळ आली नसावी.

"सगळे घेतात व्हर्लिन," मी म्हटलं. "सगळे घेतात आणि गप्प बसतात."

"मग सगळ्यांनी विचारायला हवं ना," तो म्हणाला. "सगळ्यांनी विचारलं असतं तर कुणालातरी उत्तर द्यावं लागलं असतं."

ते बरोबर होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

शेवटी लायलनेच तोडगा काढला. पथकातले बहुतेक लोक हिवाळ्यात ॲरिझोनाच्या उबेला पळतात. गावात उरले लायल आणि ओर्लिन. म्हणून हॅडलीचं पथक बोलवायचं, आणि व्हर्लिनने रायफल न धरता नुसते हुकूम द्यायचे. तोंड ही काही बंदूक नाही. व्हर्लिनला ते पटलं. गेलनला कुणी विचारलं नाही; तो तोवर बोलण्याच्या पलीकडे गेला होता. जानेवारीत, आयोन त्याचे ओठ ओले करत असताना, तो गेला.

अंत्यविधीच्या आदल्या रात्री मार्डेलने व्हर्लिनपुढे जेली ठेवली. "उद्या तुला बंदूक धरायची नाहीये. नुसतं उभं राहायचंय. गेलनसाठी नीट उभा तर राहा." त्याने विचार केला, त्यात कुठे खोट सापडेना, आणि खाल्ली. कितीतरी आठवड्यांनी तो सलग झोपला.

सकाळी वादळ. वारा बर्फ आडवा मारत होता. चर्चमधली प्रार्थना चालू असतानाच लायलला निरोप आला: हॅडलीचा रस्ता बंद केलाय, पथक निघू शकत नाही. शवपेटी तर बाहेर काढायची वेळ झाली. कबर चर्चच्या मागेच, यंत्राने गोठलेली जमीन फोडून खणलेली. आम्ही सगळे तिथे गोळा झालो, पाठी वाऱ्याला करून. आयोन पुढे, तोंडाला लोकरी रुमाल बांधलेला.

लायल गाडीतून तीन रायफली घेऊन आला. एक ओर्लिनला दिली, एक स्वतः घेतली. तिसरी व्हर्लिनपुढे धरली. दोन बंदुकांची फैर होत नाही. तीन तरी लागतात, हे सगळ्यांना माहीत.

"काल रात्री मी..." व्हर्लिनने सुरुवात केली.

"मी विचारलं का तुला?" लायल म्हणाला. त्या भित्र्या माणसाचा आवाज इतका कडक मी कधी ऐकला नव्हता. "विचारलं का?"

व्हर्लिनने रायफल घेतली नाही. त्याचे हात बाजूला तसेच. मी मनात म्हटलं, हा मूर्ख आता इथे, या वाऱ्यात, नाही म्हणणार. शेरीफ समोरच उभा, गणवेशात, टोपी काढून. त्याने नजर वळवली आणि चर्चच्या शिखराकडे बघू लागला.

मग आयोनने रुमाल खाली ओढला. "गेलन वाट बघतोय, व्हर्लिन," ती म्हणाली. एवढंच. चिडून नाही, रडून नाही, जेवायला वाढलंय असं सांगावं तसं.

त्याने रायफल घेतली.

तीन बंदुका होत्या, एक आवाज झाला. तीनदा. ओर्लिनसुद्धा चुकला नाही. वाऱ्याच्या त्या घोंघाटातही तो आवाज सरळ उभा राहिला. मी रडले, उघड रडले, आणि रडता रडता मला कुणाचंतरी डोकं फोडावंसं वाटत होतं. कुणाचं ते कळत नव्हतं. व्हर्लिनचा पाय जागचा हलला नाही.

नंतर चर्चच्या तळघरात जेवण. हॅम घातलेले पाव, लोणची, कॉफी, आणि बायकांनी करून आणलेल्या वड्या. गरम हवा, ओले कोट, भांड्यांचा आवाज. मी वड्या कापत होते. लोक येऊन व्हर्लिनचा हात दाबत होते. "सुरेख झालं," म्हणत होते. तो मान हलवत होता आणि तळघरभर कुणालातरी शोधत होता. शेरीफ पाव घेऊन टेबलापाशी येईपर्यंत तो थांबला, मग त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"कोरी, मी काल रात्री जेली खाल्ली आणि आज बंदूक धरली."

शेरीफने घास गिळला. इकडेतिकडे बघितलं. "मी काही ऐकलं नाही, व्हर्लिन."

"मग परत सांगतो. मी काल रात्री..."

"अरे, हळू. हॅम खा. तुझ्या मित्राचा दिवस आहे आज."

"म्हणूनच सांगतोय. त्याच्यासाठी केलं, आणि परत वेळ आली तर परत करीन. गुन्हा झाला असेल तर लिहून घे. झाला नसेल तर तसं सांग, मी उद्यापासून पथकात परत येतो. दोन्हींपैकी एक काहीतरी सांग. महिने झाले, मला कुणी काही सांगत नाही."

शेरीफचा चेहरा पडला. वाईट माणूस नाही तो. "मला माहीत नाही रे," तो म्हणाला. "खरंच सांगतो, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. तू घरी जा आणि झोप."

व्हर्लिन तसाच उभा. त्याला शिक्षा मिळत नव्हती आणि सुटकाही मिळत नव्हती. मला वाटलं संपलं हे इथेच. पण शेरीफ गेला नाही. हातातला पाव ताटलीत ठेवून तो व्हर्लिनच्या जवळ सरकला. माझ्याकडे पाठ होती, पण मी बारमध्ये काम करते. मला कुजबुज ऐकायची सवय आहे.

"ती जेली," तो म्हणाला. "गुडघ्यांना चालते का? रात्रभर ठणकतात. गाडीतून उतरताना जीव जातो."

व्हर्लिनने त्याच्या गुडघ्यांकडे बघितलं. प्रश्न विचारला होता, म्हणून त्याने उत्तर दिलं, नीट, काही न गाळता. "चालते. पहिल्यांदा अर्धीच घे. जेवणानंतर. लगेच काही वाटलं नाही म्हणून दुसरी खाऊ नकोस. त्या रात्री गाडी चालवायची नाही."

"बरं," शेरीफ म्हणाला. "बरं."

"आणि त्याआधी कमरेचं पिस्तूल काढून दे. घरात बंदुका असतील त्याही. लव्हॉनच्या माळ्यावर जागा आहे."

शेरीफ मोठ्याने हसला. व्हर्लिनच्या खांद्यावर थाप मारली. आजूबाजूचे दोघंतिघंही हसले, काय झालं ते न कळता.

व्हर्लिन हसला नाही. तो शेरीफच्या कमरेकडे बघत, उत्तराची वाट बघत उभा राहिला. शेरीफचं हसू हळूहळू विरलं, आणि मग त्याने जॅकेट पिस्तुलावर ओढून चेन लावून घेतली.